लहरींच्या भरवशावरचा बाजार

जुन्या, उंची एफएम ट्यूनरच्या किमती आता यंत्रापेक्षा प्रसारणावर अधिक अवलंबून आहेत. कुणाच्या दिवाणखान्यातील वस्तूचे मोल सरकारी धोरणे कशी ठरवतात, याचा हा बोलका नमुना आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले. पाठोपाठ १ ऑगस्टला 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग' या संस्थेने आपला कारभार गुंडाळत असल्याचे जाहीर केले. १९६७ च्या कायद्याने जन्मलेली ही संस्था देशभरातील दीड हजारांहून अधिक सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांना आर्थिक आधार देत आली होती. या निर्णयावर जो वाद माजला तो वृत्तस्वातंत्र्य, मुलांचे कार्यक्रम आणि ग्रामीण भागातील छोटी केंद्रे यांच्याभोवती फिरला आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या निर्णयाचा धक्का आणखी एका बाजाराला बसू शकतो. आकाराने तो लहान आहे आणि अर्थविषयक पानांवर त्याची कधी दखल घेतली जात नाही. हा बाजार आहे १९६० ते १९८० च्या दशकांतील उच्च दर्जाच्या एफएम ट्यूनरचा.

ट्यूनर म्हणजे संपूर्ण रेडिओ नव्हे. त्यात स्पीकर नसतो, आवाज वाढविणारा अॅम्प्लिफायरही नसतो. हवेतील असंख्य लहरींमधून हवे तेच केंद्र नेमके पकडणे आणि त्याचा स्वच्छ ध्वनी पुढच्या यंत्राच्या हवाली करणे, एवढेच त्याचे काम. या एकाच कामासाठी त्या काळातील उत्तमोत्तम अभियंत्यांनी आपली बुद्धी पणाला लावली आणि म्हणूनच आज संग्राहक त्यांच्या मागे आहेत.

तथापि, संग्रहाच्या इतर वस्तूंपेक्षा या वस्तूची जात निराळी आहे. जुने नाणे स्वयंपूर्ण असते. जुन्या रेकॉर्ड-प्लेअरला तबकड्या लागतात, पण त्या मालकाच्याच कपाटात असतात. जुन्या कॅमेऱ्याला फिल्म मिळवता येते. ट्यूनरचा प्राण मात्र दूरवर कुठे तरी उभ्या असलेल्या मनोऱ्यात असतो आणि तो मनोरा मालकाच्या हाती नसतो. प्रसारण थांबले, की उत्तमातला उत्तम ट्यूनर ही केवळ सुबक पेटी उरते. या बाजाराचे सारे अर्थकारण या एका वस्तुस्थितीभोवती फिरते.

एफएमच्या इतिहासातच याचा पहिला धडा आहे. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग या अमेरिकी संशोधकाला १९३३ साली एफएम तंत्राची पेटंट मिळाली. विजांच्या कडकडाटाची खरखर टाळणारे हे प्रसारण १९४० च्या सुमारास मूळ धरू लागले. मात्र १९४५ मध्ये अमेरिकी नियामक आयोगाने एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलविला आणि लोकांनी पदरमोड करून घेतलेले सारे संच लवकरच निरुपयोगी ठरले. त्या संचांत कोणताही बिघाड नव्हता, हवेतील पत्ता तेवढा बदलला होता. बड्या कंपन्यांशी पेटंटच्या लढाया लढून थकलेल्या आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या पत्नीने पुढे हे खटले जिद्दीने चालवून जिंकले.

१९६१ साली अमेरिकेत स्टिरिओ एफएमला परवानगी मिळाली आणि ट्यूनरच्या सुवर्णयुगाला प्रारंभ झाला. त्याचे प्रतीक म्हणजे रिचर्ड सिक्वेरा यांच्या आराखड्यावर बनलेला मॅरँट्झ १०बी. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या या ट्यूनरच्या दर्शनी भागावर एक छोटा ऑसिलोस्कोप होता. इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे ध्वनी किती बिघडतो आहे, हे त्या पडद्यावर डोळ्यांनी पाहून अँटेना फिरवता येई. त्याची किंमत सुमारे ६०० डॉलर होती. त्या काळी अमेरिकेत फोक्सवॅगनची बीटल मोटार सुमारे १,६०० डॉलरला मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या चैनीची कल्पना येते. संस्थापक सॉल मॅरँट्झ यांना १९६४ मध्ये कंपनी विकावी लागली. या ट्यूनरच्या विकासावर झालेला खर्च हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

पुढे मॅकिन्टॉशचा १९७२ चा एमआर ७८ आला. बलाढ्य केंद्राच्या शेजारी दडलेले दुबळे केंद्र वेगळे काढण्याची त्याची क्षमता आजही वाखाणली जाते. त्यानंतर जपानी कंपन्यांनी या स्पर्धेत उडी घेतली. त्यामागेही प्रसारणच होते. एनएचके या सार्वजनिक संस्थेचे नियमित एफएम प्रसारण १९६९ मध्ये, तर एफएम टोकियो १९७० मध्ये सुरू झाले. येणाऱ्या पंधरवड्याचे कार्यक्रम आगाऊ छापणारी 'एफएम फॅन'सारखी नियतकालिके घ्यायची, त्यातील संगीताच्या वेळा हेरायच्या आणि ते कॅसेटवर ध्वनिमुद्रित करायचे, हा तेथील तरुणांचा छंदच होऊन बसला. ध्वनिमुद्रण उत्तम व्हायचे तर ट्यूनरही उत्तम हवा. अॅक्युफेज, केनवूड, सान्सुई, यामाहा, पायोनियर यांचे नावाजलेले ट्यूनर या मागणीतून घडले.

आज या बाजारात काय दिसते? मोजक्या नामांकित ट्यूनरना हजारो डॉलर मोजले जातात, तर त्यांच्या तोडीस तोड असूनही नाव नसलेले कित्येक संच किरकोळ किमतीत विकले जातात. परंतु नामांकितांच्या किमतींनीही दिपून जाण्याचे कारण नाही. १९६४ चे ६०० डॉलर म्हणजे महागाईच्या हिशेबाने आजचे सुमारे सहा हजार डॉलर. एवढी रक्कम १०बीला सहसा मिळत नाही. म्हणजे या क्षेत्रातील सर्वांत प्रतिष्ठित वस्तूनेही साठ वर्षांत खऱ्या अर्थाने मूल्य कमावलेले नाही. शिवाय देखभालीचा खर्च निराळा. जुने कपॅसिटर सुकतात, फिल्टरची मापे सरकतात आणि ती पुन्हा जुळवण्यासाठी मोजमापाची साधने व त्यांचा जाणकार तंत्रज्ञ लागतो. असे तंत्रज्ञ वयस्क होत चालले असून त्यांची जागा घेणारे थोडे आहेत.

'जुने ते सोने' या समजुतीलाही येथे एकदा चांगलाच तडा गेला आहे. २००८ मध्ये सोनीने एक्सडीआर-एफ१एचडी नावाची, शंभर डॉलरची, प्लॅस्टिकची लहानशी पेटी बाजारात आणली. आतल्या डिजिटल चिपच्या जोरावर दुबळी केंद्रे पकडण्यात आणि शेजारची केंद्रे बाजूला सारण्यात तिने भल्याभल्या दिग्गजांना मागे टाकले. गंमत अशी, की तिचे उत्पादन थांबल्यावर तीच संग्राह्य ठरली आणि मूळ किमतीपेक्षा अधिक दराने विकली जाऊ लागली. दिग्गजांच्या किमती मात्र त्यामुळे कोसळल्या नाहीत. याचा अर्थ उघड आहे. एमआर ७८ च्या काचेच्या दर्शनी भागामागचा मंद प्रकाश, डोलणारा काटा आणि बोटांना जाणवणारा चक्रीचा वजनदारपणा यांसाठीही खरेदीदार पैसे मोजतो. निव्वळ कामगिरीचा युक्तिवाद फार काळ टिकणारा नाही.

मग टिकणारे काय आहे? ट्यूनरने पकडलेला कार्यक्रम, हेच त्याचे उत्तर असावयास हवे होते. खेदाची बाब अशी, की ऱ्हास नेमका तेथेच झाला. १९७५ मध्ये आलेल्या ऑप्टिमॉडसारख्या यंत्रांनी केंद्रांना आपला आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा भासविण्याची सोय करून दिली आणि हळुवार व बुलंद स्वरांमधील अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने मालकीवरील देशव्यापी मर्यादा उठविल्या आणि एकाच कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे गेली. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या डिजिटल पद्धतीत मूळ वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना डिजिटल संकेत जोडले गेले. त्यांचा उपद्रव मोकळ्या, रुंद फिल्टरवर चालणाऱ्या जुन्या ट्यूनरनाच अधिक होतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कचे विख्यात अभिजात संगीत केंद्र डब्ल्यूक्यूएक्सआर सार्वजनिक संस्थेच्या हाती गेले, म्हणून वाचले. परंतु त्या व्यवहारात त्याची जागा बदलली आणि प्रक्षेपणशक्ती ६,००० वॉटवरून सुमारे ६०० वॉटवर आली. शहराबाहेरच्या श्रोत्याच्या घरातील ट्यूनर तोच राहिला, केंद्र मात्र त्याच्यापासून दूर गेले.

दाबून न टाकलेला ध्वनी, प्रत्यक्ष मैफलींचे प्रक्षेपण, अभिजात संगीत आणि जाझ हे सारे अमेरिकेत आज मुख्यतः सार्वजनिक केंद्रांवरच उरले आहे. त्यामुळे २०२५ च्या निधीकपातीची झळ अखेर या वस्तूंपर्यंत पोहोचणार, असे मानण्यास जागा आहे. केंद्रे एका रात्रीत बंद पडणार नाहीत. देणग्यांवर तग धरणारी मोठ्या शहरांतील केंद्रे चालू राहतील, छोट्या गावांतील केंद्रांची भ्रांत आहे. म्हणजेच एकाच ट्यूनरचे मोल तो कोणत्या गावात ठेवला आहे यावर ठरू लागेल.

इतर देशांचे अनुभव एकसारखे नाहीत. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएम प्रसारण बंद केले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक संस्थेने २०२४ च्या अखेरीस तसेच केले, तेव्हा श्रोते घटले आणि निर्णयाच्या शहाणपणावरच वाद सुरू झाला. ब्रिटनने २०२१ मध्ये किमान २०३० पर्यंत एफएम राखण्याचे ठरविले. जपानमध्ये तर उलटा प्रवाह आहे. तेथील बहुतेक खासगी मध्यम लहरी केंद्रांनी २०२८ पर्यंत एफएमवर जाण्याचा मनोदय २०२१ मध्ये जाहीर केला. मात्र त्यांच्यासाठी ९० ते ९५ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला आहे आणि जपानी बाजारासाठी बनलेले जुने ट्यूनर ७६ ते ९० एवढ्यावरच थांबतात. केंद्रे वाढली, पण ती घरच्या दिग्गजाला ऐकू येत नाहीत, अशी ही विचित्र कोंडी. १९४५ चा धडा तेथे निराळ्या रूपाने पुन्हा गिरवला जात आहे.

आपल्याकडे या ट्यूनरची परंपरा रुजली नाही, कारण एफएमच उशिरा आले. आकाशवाणीचे पहिले एफएम प्रसारण १९७७ मध्ये मद्रासला झाले, पहिले खासगी केंद्र २००१ मध्ये बंगळूरला सुरू झाले. ते घरोघरी पोहोचले तेव्हा ऐकण्याचे साधन मोटार आणि मोबाइल हे होते. मुंबईच्या चोरबाजारात संग्राहकांना भुरळ पडते ती लाकडी पेटीतल्या मर्फी वा फिलिप्सच्या व्हॉल्व्ह रेडिओंची. त्यांच्या काचेवर छापलेल्या कित्येक शहरांच्या नावांवर काटा नेला, तरी आज खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही. अमेरिकी संग्राहकाला ज्या दिवसाची धास्ती वाटते तो आपण अनुभवून बसलो आहोत. २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मुंबई, पुणे व नागपूरसह १३ शहरांसाठी डिजिटल रेडिओची शिफारस करताना अॅनालॉग आणि डिजिटल प्रसारण एकत्र चालविण्याची वाट सुचविली, ती या पार्श्वभूमीवर शहाणपणाची म्हणावी लागेल.

जुना ट्यूनर विकणारा त्याच्या काचेची, काट्याची, फार तर कपॅसिटरची हमी देऊ शकतो. उद्या संध्याकाळच्या मैफलीची हमी त्याला देता येत नाही. ती देण्याचे सामर्थ्य कायदेमंडळात, नियामक संस्थेत आणि केंद्राला वर्गणी देणाऱ्या श्रोत्यात असते. तेव्हा ज्याला आपल्या ट्यूनरची किंमत टिकावी असे वाटते, त्याने दुरुस्तीच्या खर्चाबरोबरच आपल्या केंद्राची वर्गणीही हिशेबात धरलेली बरी.