चालायचे, तर वाट हवी

मधुमेह असो की रक्तदाब, दवाखान्यातून निघताना एक सल्ला ठरलेला असतो: "रोज चालत जा." आठवड्याला किमान १५० मिनिटे झपझप चालावे किंवा तेवढाच दुसरा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सल्ला योग्यच आहे. पण चालायचे कुठे, हे त्या चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही. इंग्लंडमधल्या केझिक या गावाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आपल्या घराघरांत माहीत असावे असे आम्हाला वाटते.

केझिक हे वायव्य इंग्लंडमधले, लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलखातले बाजाराचे गाव. बाजार भरवण्याची राजाची सनद त्याला १२७६ मध्ये मिळाली. गावाला लागूनच डर्वेंटवॉटर हे तळे आणि उत्तरेला ९३१ मीटर उंचीचा स्किडॉ डोंगर. लोक इथे आठवडाभराच्या सुट्टीला येतात ते चालायला. मुक्काम एकाच घरी. सकाळी डबा, पाणी आणि रेनकोट पाठीवर टाकून निघायचे, संध्याकाळी परतायचे. तळ्याला वळसा सुमारे १६ किलोमीटरचा. पाय दुखले तर मधल्या एखाद्या धक्क्यावर लाँचमध्ये बसून गावात यायचे. ४५१ मीटरचा कॅटबेल्स शाळकरी मुलेही चढतात. ज्याला जेवढे झेपेल तेवढे.

"ही पैसेवाल्यांची चैन," असे कोणी म्हणेल. इतिहास वेगळे सांगतो. कोल्न या सूतगिरण्यांच्या गावातले धर्मोपदेशक आर्थर लिओनार्ड पाहत होते की, गिरणी बंद ठेवण्याच्या आठवड्यात कामगार समुद्रकाठच्या शहरात जातात आणि वर्षभर साठवलेला पैसा तिथे उडवून येतात. १८९१ मध्ये त्यांनी तीसेक जणांना केझिकच्या दक्षिणेला असलेल्या अँबलसाइडला डोंगर चालायला नेले. त्यातूनच १८९३ मध्ये सहकारी तत्त्वावर सुट्ट्या आयोजित करणारी संस्था उभी राहिली. साधे जेवण, साधी राहणी आणि रोज चालणे. बारा महिने गिरणीतली सुताची धूळ छातीत घेणाऱ्यांना स्वच्छ हवेचा एक आठवडा मिळू लागला.

पण त्याआधी वाट मोकळी व्हावी लागली. केझिकजवळ लॅट्रिग नावाची ३६८ मीटरची टेकडी आहे. तिच्यावर जाणारी वहिवाटीची वाट जमीनमालकांनी अडवली. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार माणसे तीच वाट तुडवत माथ्यावर गेली. खटला झाला आणि १८८८ मध्ये माथ्यावर जाणारी एक वाट सर्वांसाठी खुली असल्याचे मान्य झाले. पुढे १९०२ मध्ये तळ्याकाठची ब्रँडलहाऊची जमीन लोकवर्गणीतून विकत घेऊन सर्वांसाठी राखली गेली. आज तिथे कोणीही चालू शकतो, तिकीट लागत नाही.

सगळेच आलबेल आहे असे नाही. आता तिथे राहण्याचा खर्च मोठा आहे. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांमुळे गावकऱ्यांनाच घर परवडेनासे झाले आहे. ही राष्ट्रीय उद्याने आपल्यासाठी नाहीत असे अनेक कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या लोकांना वाटते, हे २०१९ च्या सरकारी पाहणी अहवालानेही नोंदवले. म्हणून राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना आम्ही आवर्जून सांगतो: एकदा तरी केझिकला जा. पेनरिथपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस. केझिकची रेल्वे १९७२ मध्ये बंद पडली, पण तिच्याच मार्गावर थ्रेलकेल्डपर्यंत सपाट पायवाट आहे. त्या वाटेवर तुमचाही हक्क आहे, संकोच करू नका.

आणि इथे आपण? चालायची वाट ही गोळीइतकीच आरोग्याची गरज आहे, असे आमचे ठाम मत आहे. वस्तीपासून मैदानापर्यंतचा पदपथ मोकळा आहे का, दिवे लागतात का, बाईला पहाटे एकटीने निर्धास्त चालता येते का, हे आरोग्याचेच प्रश्न आहेत. येत्या रविवारी दहा-बारा जणींनी मिळून तासभर चालून पाहा. चालताना छातीत दुखते किंवा लवकर धाप लागते त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. वाट जिथे जिथे अडते ती जागा वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉर्ड ऑफिसात द्या. पोच घ्यायला विसरू नका.