ज्याचे यंत्र, त्याचा पाना



गेल्या उन्हाळ्यात एका तालुका बैठकीला आमचा एक कार्यकर्ता खताच्या रिकाम्या पोत्यात काहीतरी बांधून घेऊन आला. पोते झटकले तर आतून चार इंची जुना ग्राइंडर निघाला. पत्र्याच्या अंगाचा, रंग उडालेला. "आर्मेचर जळालंय, वजनावर घ्या," असे म्हणून भंगारवाल्याने साडेतीनशे रुपयांना दिलेला. ठरावांची चर्चा बाजूला राहिली आणि दहा-बारा डोकी त्या ग्राइंडरवर वाकली.

स्क्रू काढले. आर्मेचर शाबूत होते. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, त्यामुळे कम्यूटेटर ठिणग्या खाऊन काळा पडला होता. बेअरिंग कोरडे, गिअरमधल्या ग्रीसचे डांबर झालेले. कम्यूटेटर बारीक पॉलिश पेपरने घासला, पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार पात्याने साफ केल्या. ब्रशची जोडी, दोन बेअरिंग, ग्रीस आणि अर्थिंगसह तीन तारांची नवी वायर, सगळे मिळून पावणेचारशे रुपये. दुपारच्या जेवणाआधी ग्राइंडर गरजला. सव्वासातशे रुपयांत जे यंत्र उभे राहिले, तशा दणकट अंगाच्या नव्याला दुकानात तीन हजारांच्या घरात मोजावे लागतात.

ही हौसेची गोष्ट नाही. त्याच ग्राइंडरवर आता वस्तीतल्या पाच घरांच्या कडबाकुट्टीची पाती घासली जातात, कुळवाच्या फासा नीट होतात, ट्रॉलीचे तुटलेले अँगल कापले जातात. कडबाकुट्टी बंद पडली की विळा कोणाच्या हातात येतो? घरच्या बाईच्या. यंत्र बंद पडल्याचा खर्च कोणत्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही, कारण तो तिच्या मनगटातून वसूल होतो.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट ऐका. एका शेतकऱ्याने अनुदानावर पॉवर वीडर घेतला. फोटो निघाला, अर्जावर सह्या झाल्या. दुसऱ्या हंगामात गिअरपेटीतला एक भाग तुटला. विक्रेत्याकडे गेला, तर त्याने त्या कंपनीचा माल ठेवणे बंद केले होते. कंपनीच्या नंबरावर फोन केला, तर उत्तर मिळाले: सुटा भाग येत नाही, अख्खी पेटी बदला. पेटीची किंमत ऐकून त्याने फोन ठेवला. आज तो वीडर गोठ्यात उभा आहे, कोंबड्या त्याच्यावर रात्र काढतात. त्याचे तण मात्र कोणासाठी थांबले नाही.

एक यंत्र जुने, भंगारातले, आणि चालू. दुसरे नवे, सरकारी शिक्क्याचे, आणि बंद. फरक यंत्राच्या वयाचा नाही. एक खोलता येते, त्याचा ब्रश आणि बेअरिंग तालुक्याच्या दुकानात नंबर सांगून मिळते. दुसऱ्याची किल्ली विकणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवली आहे.

वाफसा थांबत नाही

आमच्यापैकी काहीजण कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन आलो. नांगराच्या भागांची आकृती काढून आम्ही गुण मिळवले. ब्रश कधी बदलायचा हे मात्र आम्हांला कोणी शिकवले नाही. ते आम्ही वाइंडिंगवाल्या मिस्त्रीच्या बाकड्यावर शिकलो. पण महाविद्यालयाने एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे शेतीत वेळ हीच निविष्ठा आहे. खरिपात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खाते दर वर्षी देते. बरोबर आहे. पण तेवढा पाऊस होऊन काळ्या रानात वाफसा आला की तो मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत पेरणीचे यंत्र मोडले आणि भाग यायला आठ दिवस लागले, तर गेलेला वाफसा कोणती कंपनी भरून देणार? कारखान्यातले यंत्र आठ दिवस बंद राहिले तर आठ दिवसांचे उत्पादन जाते. आमचे चार दिवस गेले तर वर्ष जाते.

म्हणून गावात पाना चालवणारा माणूस असणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने पतपेढीइतकी महत्त्वाची गोष्ट आहे. आणि तो माणूस जुन्या यंत्रांवरच तयार होतो. बंद डब्यावर कोणी मिस्त्री होत नाही. जुनी यंत्रे भंगारात गेली की त्यांच्याबरोबर शिकण्याची शाळाही वजनावर जाते.

महाराष्ट्राने हे विसरावे याचे नवल वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. त्यांनी आरंभी जो माल केला त्यात कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर होते. १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याचे यंत्र खोलून, समजून घेऊन, मग स्वतःचे घडवणे, याच वाटेने कारखानदारी उभी राहते. खोलायलाच बंदी असेल तर पुढचा कारखानदार कोठून येणार?

अनुदानाचा काटा

२०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्रीय उपअभियान चालू झाले. नव्या अवजारावर साधारण ४० ते ५० टक्के अनुदान. अटी पाहा: यंत्र नवे हवे, पावती नवी हवी. शेतकऱ्याने जुनी मोटार नव्याने वाइंड केली, जुने मळणी यंत्र बेअरिंगांसह उभे केले, तर सरकारच्या लेखी काहीच घडले नाही. त्याच्या गोठ्यात यंत्र चालू आहे, पण कागदावर तो 'यांत्रिकीकरणापासून वंचित'.

आम्ही दुरुस्तीसाठीही अनुदान द्या, असे म्हणत नाही. भीक नको ही आमची जुनीच भूमिका आहे. आम्ही म्हणतो, काट्यात पाप करू नका. नव्याच्या पारड्यात सरकारने हात टेकवायचा आणि मग जुने हलके आहे असे जाहीर करायचे, ही कसली तुलना? अनुदानाची रक्कम शेतकऱ्याच्या नावावर पडते. पण यंत्राची किंमत त्या अनुदानाकडे डोळा ठेवूनच ठरते, हे यादीतले दर आणि रोखीचे दर शेजारी ठेवणाऱ्या कोणालाही दिसते.

बँकेचेही तेच. नव्या यंत्राला कर्ज, गहाणखत, विमा सारे तयार. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या यंत्राच्या खरेदीला किंवा हजारांतल्या दुरुस्तीला विचारले, की साहेब चष्मा पुसू लागतात. मग तो शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जातो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शहाण्यांचा: जुने यंत्र वीज जास्त खाते. कोठे खरे, कोठे नाही, हे हिशेबाने पाहू. पाच अश्वशक्तीच्या, म्हणजे ३.७ किलोवॉटच्या मोटारीची कार्यक्षमता ७५ टक्क्यांवर उतरली असेल आणि नवी ८५ टक्क्यांची असेल, तर दर तासाला अर्ध्या युनिटाहून थोडा जास्त फरक पडतो. मोटार वर्षाला हजार तास चालली तर तो ५८० युनिटांच्या आसपास जातो. अशी मोटार वारंवार जळत असेल तर ती जरूर बदला. आम्ही जुन्याची पूजा सांगत नाही. पण वर्षात वीस तास चालणाऱ्या ग्राइंडरला आणि ड्रिलला हा नियम लावणे म्हणजे उंदरासाठी तोफ आणणे. आणि मोटार जळते का, हेही विचारा. ४१५ व्होल्टच्या जागी ३३० व्होल्ट आले की मोटारीची ओढ सुमारे ६३ टक्क्यांवर येते. भार तोच राहतो, ती करंट जास्त ओढते आणि तापते. वाइंडिंगचे तापमान दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. दाब नीट द्यायचा नाही आणि जळाली की जुन्या मोटारीला नावे ठेवायची, हा उलटा न्याय आम्हांला मान्य नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. येथे आम्ही आमचाच कान धरतो. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किती हात गेले हे आपण जाणतो. १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला, तो या हातांसाठी. तरीही आपण ग्राइंडरचे कवच काढून फेकतो आणि चार इंची यंत्रावर सात इंची चकती चढवतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. सात इंची चकती साधारण साडेआठ हजारांपर्यंतच सोसते. ती फुटली तर तिचा तुकडा गळ्यातून जाईल. याला जुगाड म्हणू नका, हा मूर्खपणा आहे. कवच, चष्मा, अर्थिंग आणि नीट वायर यांशिवाय उभे केलेले यंत्र दुरुस्त झालेच नाही. तडकलेले गिअरघर, सैल स्विच, अंगाला झटका देणारे ड्रिल परत भंगारात टाका. पण अपघात टाळण्याचा मार्ग यंत्राला कुलूप घालणे हा नव्हे. ज्याला आतले कळते तोच धोका ओळखतो.

तिसरा आक्षेप आमच्याच काही मित्रांचा: संघटना खुल्या बाजाराची, मग कंपनीने आपला माल कसा विकावा यात बोलायचे कशाला? याला उत्तर सोपे आहे. पैसे मोजून घेतले ती वस्तू माझी झाली. विकल्यानंतरही तिची किल्ली विकणाऱ्याकडेच राहत असेल, तर तो बाजार नव्हे, ते कूळ आणि जमीनदाराचे नाते आहे. आपल्या स्पर्धा आयोगाने हेच ओळखले. २०१४ साली चौदा मोटारगाडी कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातल्या मिस्त्रींना मिळू दिली नाही, म्हणून आयोगाने सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिले झाली, पण तत्त्व नोंदले गेले. गाडीवाल्याचे तत्त्व वीडरवाल्याला का नाही?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०२३ साली केला. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. शेकडो एकरांचा तिथला शेतकरीही ट्रॅक्टरच्या संगणकाला कंपनीने घातलेल्या कुलपापुढे हतबल झाला होता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारांचे नाव घातले, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टलही उघडले. छान झाले. पण पोर्टलवरून बेअरिंग बसत नाही. पोर्टल ही विनंती आहे, आम्हांला बंधन हवे आहे.

जिल्हा बैठकीपुढे

आमच्या मागण्या चार आहेत. सरकारी अनुदानाच्या यादीत यायचे असेल त्या प्रत्येक कंपनीने यंत्राचे सुटे भाग दहा वर्षे, भागवार, छापील किमतीत मिळतील अशी लेखी हमी द्यावी. भागांची आकृती आणि नंबर मराठीत यंत्राबरोबर द्यावेत. गावच्या मिस्त्रीने खोलले एवढ्या कारणावर वॉरंटी नाकारू नये. आणि बँकांनी तपासून घेतलेल्या जुन्या यंत्राला व दुरुस्तीला नव्यासारखीच पत द्यावी.

सरकारकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. प्रत्येक तालुक्याने मे महिन्यात, पेरणीच्या आधी, आठवडे बाजाराच्या दिवशी एक दुरुस्ती दिवस भरवावा. वाइंडिंगवाला, लोहार, वेल्डर यांना मानाने बोलवा, त्यांचे पैसे चोख द्या. फुकटात हुनर मागणारा शेतकरी, फुकटात धान्य मागणाऱ्या शहराला कोणत्या तोंडाने बोलणार? पोरांना आणि पोरींना बाकड्यावर बसवा. जुने यंत्र घेण्याआधी काय पाहायचे ते त्यांना दाखवा: ब्रशपाशी ठिणग्यांचे कडे पडते का, दांडा हातात हलतो का, वाइंडिंगला करपल्याचा वास येतो का, मेगरने तपासल्यावर इन्सुलेशन निदान एक मेगओहम दाखवते का.

आणि प्रत्येकाने गोठ्यातल्या बंद यंत्राची एक चिठ्ठी लिहून आणावी. कोणते यंत्र, कोणता भाग मागितला, कोणत्या तारखेला मागितला, काय उत्तर मिळाले. पुढच्या जिल्हा बैठकीत त्या चिठ्ठ्या एकत्र बांधू आणि कृषी अधीक्षकांच्या टेबलावर ठेवू. भाषणे त्यांनी पुष्कळ ऐकली आहेत. तारखा आणि भागांचे नंबर वाचताना त्यांना घाम फुटेल.

येताना तो वीडरही ट्रॉलीत घालून आणा. कोंबड्यांची सोय दुसरीकडे करता येईल.