आधी तुळईला विचारा

गिरगावच्या फणसवाडीतल्या जुन्या चाळीत पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं, हे ठरवायला कुणी इंजिनिअर बोलावला नाही. पिंप मोरीत, नाहीतर मोरीलगत भिंतीला टेकून. खोलीच्या मधोमध ते आलंच तर लग्नकार्यापुरतं. जागेची टंचाई हे एक कारण होतंच. पण सागवानी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि वर लाद्या, असल्या जमिनीवर शेजारचा मुलगा धावला की मांडणीतली भांडी वाजतात, हेही रोज कानावर पडत होतं. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो. तीन माणसं एकाच फरशीवर रात्रंदिवस उभी असल्यासारखी.

आता गिरगावात चाळी उतरवून टॉवर उभे राहताहेत. गॅलरीचा ‘डेक’ झाला आहे आणि जाहिरातीतल्या चित्रात त्या डेकवर बुडबुड्यांचा गरम पाण्याचा टब असतो. बोलण्यात सगळेच त्याला जकुझी म्हणतात. ते मुळात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. टब नेहमी कठड्याला लागून, कारण समुद्र दिसायला हवा. शहरात जमलं नाही तर अलिबागच्या, कर्जतच्या बंगल्यात हौस भागवली जाते. हौसेला हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्नाच्या क्रमाला. टब घेणारा पहिल्यांदा विचारतो, “लेव्हल कशी काढायची?” खाली काय आहे, हा प्रश्न नंतर येतो, बहुतेक वेळा येतच नाही.

हिशेब अवघड नाही. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद असा चार-पाच जणांचा टब साधारण १२०० लिटर पाणी घेतो. ते १२०० किलो. टबाचे स्वतःचे तीनेकशे आणि आत बसणाऱ्यांचे तितकेच. बेरीज १८०० किलो, म्हणजे दर चौरस मीटरला ४५० किलो. इमारतींचं डिझाइन ज्या भारतीय मानकाने, ८७५ क्रमांकाच्या भाग दोनने होतं, त्यात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी माणसं-सामानाचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात, बाल्कनीसाठी सुमारे ३००. स्लॅब या आकड्याला लगेच मोडत नाही, त्यात सुरक्षिततेची राखीव ताकद असते. पण ती राखीव ताकद आपल्या आंघोळीसाठी ठेवलेली नाही. त्यात बाल्कनी भिंतीतून बाहेर काढलेली असेल तर वजन जितकं कठड्याकडे, तितका मुळाशी ताण जास्त. चाळीतलं पिंप भिंतीला होतं ते बरोबर होतं. चित्रातला टब चुकीच्या टोकाला आहे.

मग लेव्हल. मुंबईची कुठलीही उघडी गॅलरी सपाट नसते, नसावीही. पावसाचं पाणी जाळीकडे जावं म्हणून गवंडी तिला मीटरला सेंटीमीटरभर ढाळ देतो. दोन मीटरच्या टबाखाली तो ढाळ दोन सेंटीमीटर होतो. पाणी आपली पातळी सोडत नाही, टब मात्र कलतो: एका कडेला पाणी चढतं, दुसऱ्या कडेला पाणी ओढणारं तोंड हवा गिळतं. घाईत बसवणारे यावर कोपऱ्यांत फळीचे तुकडे सारून पाणसळीचा बुडबुडा मध्ये आणतात. बुडबुडा खूश होतो. पण संपूर्ण तळावर पसरायचं वजन आता चार तुकड्यांवर येतं आणि मधला तळ अधांतरी राहतो. दुसरा उपाय कोब्याचा. चार चौरस मीटरवर सरासरी पाच सेंटीमीटर कोबा घातला की सव्वाचारशे-साडेचारशे किलो आणखी वाढतात. सपाटीसुद्धा वजन मागते, हे दुकानात कुणी सांगत नाही. शिवाय सगळी गॅलरी सपाट केली तर जुलैत पाणी तुंबणार. म्हणून ओटा फक्त टबापुरता, पाण्याला जाळीपर्यंत वाट सोडून; आणि तोही खालच्या तुळया पाहिल्यावरच.

जमिनीवर काम सोपं, पण तिथेही ‘चालतंय’ चालत नाही. भरावाची माती एका पावसात बसते आणि टब एका कुशीवर जातो. मुरूम थरांनी पसरून, पाणी मारून, धुम्मसाने नीट चोपावा, त्यावर जाळी टाकून दहा सेंटीमीटर काँक्रीट. लेव्हल पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. लाकडी डेकवर टब हवाच असेल तर त्याचा भार थेट जमिनीतल्या पायापर्यंत जाणारे खांब टबाच्या बरोबर खाली हवेत.

लाकडाबद्दल एक आठवण ठेवावी. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पाचव्या मजल्याची बाल्कनी तुटली आणि सहा तरुण विद्यार्थी गेले. आतल्या तुळया पाणी मुरून कुजल्या होत्या, इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गिरगावकरांना हे नवं नाही. जुन्या चाळीत सडलेली तुळई आधी शोधतात ती मोरी नि संडासाच्या खाली, आणि टेकू लागतात तेही तिथेच.

कायदा इथे कितपत पुरतो? मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. पण टब येतो तो कालपरवा ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये. तिथे तीस वर्षं कुणी डोकावणार नाही. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, १७ जीव गेले, तेव्हा बोट दाखवलं गेलं ते तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे. आपल्या दाराआडचा बदल शेजाऱ्याच्या छताचा बदल असतो, हे तेवढ्यापुरतं सगळ्यांना पटलं.

शहराने स्वतः मात्र पाणी कुठे ठेवायचं हे नीट ओळखलं होतं. मलबार हिलचा जलाशय १८८०च्या दशकात टेकडीच्या पोटात बांधला, वर फिरायला हँगिंग गार्डन. सुमारे १५ कोटी लिटर पाणी आहे तिथे, पण ते टेकलंय जमिनीवर.

तेव्हा सोसायटीच्या कार्यकारिणीत टबाचा अर्ज आला तर रंग, आवाज, लिफ्टमधून नेण्याची वेळ यावर तासभर घालवू नका. भरलेल्या टबाचं वजन किलोमध्ये लिहून मागा, आणि ते वजन कोणत्या तुळईवर येणार हे इमारतीचा नकाशा पाहून सांगणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागा. सही येईपर्यंत नळ उघडू देऊ नका.