भाजलेली मान आणि गोरेपणाची ट्यूब

एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका गावी उन्हाळ कांद्याच्या काढणीवर गेले होते. एकीची मान ब्लाउजच्या वर काळवंडून सोलवटली होती. पदर लागला तरी ती कळवळे. "दवाखान्यात दाखवलंत का?" मी विचारले. शेजारीण हसली, "ताई, काळं पडायला कुठं औषध असतं? गोरं व्हायची ट्यूब आणलीय तिनं."

या उत्तराने मी अस्वस्थ झाले. उन्हाने भाजणे ही इजा आहे, आणि आपण ती रंगाच्या खात्यात टाकून मोकळ्या होतो. अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी जखमी होतात. खूण काही तासांनी उमटते, दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत वाढते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. आग होते, कातडी ताणते, मग पापुद्रे निघतात. शिवाय चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा अनेक ट्यूबांत स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते आणि ऊन अधिकच बाधते.

भाजल्यावर सावलीत यावे, गार पाण्याची घडी ठेवावी, भरपूर पाणी प्यावे. बर्फ चोळू नये, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. मोठे फोड, ताप, उलट्या असतील तर दवाखाना गाठावा. बाई बरळू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून अंग ओले करत तातडीने न्यावे.

दुपारचे ऊन टाळा, अंग झाका, हे सांगणे सोपे आहे. माझ्या पिशवीत सनस्क्रीन होते. त्या बायकांकडे होता नवऱ्याचा जुना शर्ट. लांब बाह्या, वर केलेली कॉलर, ही त्यांचीच शहाणी युक्ती. पण काम उक्ते असले की सावलीतला अर्धा तास मजुरीतून जातो. मग कोण टेकणार?

2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी देण्याची तरतूद होती. खासगी शेतावरच्या बाईने ते मागायचे कुणाकडे? म्हणून उक्त्याचा दर ठरतानाच पहाटेची सुरुवात, दुपारची सुट्टी, पाणी आणि सावली ठरली पाहिजे, आणि सुट्टीपायी मजुरी कापली जाता कामा नये.

मैत्रिणींनो, आरोग्य शिबिरांत आपण रक्त तपासतो, वजन घेतो. पुढच्या वेळी मानही पाहूया. आणि ती भाजलेली दिसली, तर मलमाबरोबर मुकादमाशी बोलण्याचीही तयारी ठेवूया.