सांगता न येणारं दुखणं

अक्कलकोटहून एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. बोलतो, पण स्वतःविषयी काही सांगत नाही. "त्याचं काही दुखत असेल तर मला कळणार कसं?" एवढाच प्रश्न विचारलाय.

मैत्रिणींनो, आधी एक समज मनातून काढून टाकू या. अशा मुलांना दुखतच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. का, तर पडला तरी रडला नाही! 2004 साली कॅनडातल्या संशोधकांनी सुईने रक्त काढताना स्वमग्न मुलांचे चेहरे बारकाईने पाहिले. वेदना चेहऱ्यावर स्पष्ट उमटत होती. आईवडिलांनी सांगितलेलं मात्र तिच्याशी जुळत नव्हतं. म्हणजे आपलीही नजर चुकते बरं का.

आमच्या भवानी पेठेतला एक चौदा वर्षांचा मुलगा दोन आठवडे स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेत होता. एका डॉक्टरांनी "अशा मुलांना सवयच असते" म्हणून झोपेचं औषध दिलं. आजीला मात्र वेगळंच खटकलं. कडक भाकरीवर तुटून पडणारा पोरगा दूधभात तेवढा गिळत होता, तोही एकाच बाजूने. दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर दाढेखाली पू! इलाज झाला आणि चापट्या थांबल्या.

तेव्हा पाहायचं ते हे: त्याचं नेहमीचं काय बदललं? झोप, जेवण, चाल, अंगावर हात लावू देणं. कान दाबणं, हात चावणं, पोटावर पालथं पडून राहणं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. गप्प बसणारं मूल शहाणं, असं आम्हा बाईंना वाटतं. पण सदा गुणगुणणारा मुलगा एकदम गप्प झाला, तर तेही दुखण्याचं लक्षण असू शकतं. दात, कान, बद्धकोष्ठ, छातीतली जळजळ आणि मुलींच्या बाबतीत पाळीचे दिवस, एवढं आधी तपासावं.

"कुठं दुखतंय?" या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. शरीराचं चित्र पुढे ठेवून बोट लावायला सांगा. "पोट की कान?" विचारलंत तर पुष्कळ मुलं शेवटचा शब्दच परत म्हणतात, म्हणून क्रम उलटा करून पुन्हा विचारा.

दवाखान्यात मुलांचं दुखणं मोजायला 'फ्लॅक' नावाची पद्धत आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10. ज्यांना सांगता येत नाही अशा मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती 2006 साली आली. तिच्यात आईवडिलांनी आपल्या मुलाच्या खास खुणा लिहून द्यायच्या असतात. आईची टिपणं म्हणजे 'बायकांची बडबड' नव्हे, तपासणीचाच भाग आहे तो!

म्हणून एक शंभर पानी वही करा. मूल बरं असताना ते कसं वागतं हे पहिल्या पानावर लिहा. बदल दिसला की तारीख-वेळ घालून नोंदवा. दवाखान्यात ती वही पुढे ठेवून "हे याचं नेहमीचं नाही" असं स्पष्ट सांगा. पोट ताठ झालं, हिरवी उलटी झाली, किंवा मूल पाय टेकवेनासं झालं, तर मात्र वही लिहीत बसू नका. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा.