प्रदर्शन की उत्तरपत्रिका?

विद्यापीठाच्या आवारात मांडलेले समकालीन कलेचे प्रदर्शन कोणाला उद्देशून असते, हा प्रश्न बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात २००७ साली उग्र रूपात पुढे आला. ९ मे रोजी ललित कला विद्याशाखेत वार्षिक परीक्षेसाठी चंद्रमोहन या विद्यार्थ्याने मांडलेल्या कलाकृतींत हिंदू व ख्रिस्ती प्रतिमांची विटंबना झाल्याचा आरोप करीत बाहेरचा जमाव आत शिरला आणि पोलिसांनी विद्यार्थ्यालाच अटक केली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी कलेतिहास विभागाच्या संग्रहातील शृंगारप्रतिमांच्या प्रतिकृतींचे दुसरे प्रदर्शन मांडले. ते बंद करण्याचा आदेश प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी मानला नाही. प्रदर्शनाला कुलूप लागले. पणिक्कर निलंबित झाले.

जमावाच्या म्हणण्याचा प्रतिवाद करण्यास फारसे बौद्धिक श्रम लागत नाहीत. प्रशासनाच्या वर्तनाला भूमिका म्हणणे हेच औदार्याचे ठरेल. तपासायला हवेत ते विद्यार्थ्याच्या बाजूने, सद्हेतूने केले गेलेले युक्तिवाद.

त्यांतला पहिला असा, की ही अंतर्गत परीक्षा होती, सार्वजनिक प्रदर्शन नव्हे. न्यायालयात जामिनासाठी हा मुद्दा उपयोगी असेल. कलाविचार म्हणून तो शरणागतीचा आहे. त्यात कलाकृतीची उत्तरपत्रिका होते, आणि प्रेक्षक हा तोतया परीक्षार्थीसारखा घुसखोर ठरतो. बडोद्याची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी आणि पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्या हातून घडलेल्या या विद्याशाखेने निर्मिती आणि कलेतिहास यांना १९५०च्या दशकातच एका छपराखाली आणले, आणि १९६०च्या दशकात सुरू झालेल्या कलामेळ्यांमधून शहराला आवारात बोलावले. ज्या नगराला बोलावले, त्याला बघण्याचा, नाक मुरडण्याचा, भांडण्याचाही अधिकार आहे. बेड्या घालण्याचा नाही. हा भेद करण्याऐवजी दारच लावून घेणे म्हणजे प्रतिपक्षाच्या गृहीतकाला मान्यता देणे होय.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा: खजुराहो, कोणार्क. मराठी समीक्षेला ही वाट परिचित आहे. अश्लीलतेचा आरोप आला रे आला की गाथासप्तशतीकडे धाव घ्यायची, हा तिचा जुना रिवाज. यात नव्या प्रतिमेला जुन्याशी असलेल्या साम्याच्या बळावर परवाना मिळतो. पण तिच्यात जे नवे आहे, मूर्तिपरंपरेशी तिने उकरून काढलेले जे भांडण आहे, तेच दृष्टिआड होते. दाखल्यांनी वाचवलेली कलाकृती निरर्थक होऊन वाचते. गंमत अशी, की विद्यार्थ्यांचे ते दुसरे प्रदर्शन निव्वळ दाखल्यांची यादी नव्हते. वर्गात पारदर्शिका म्हणून निरुपद्रवी ठरलेल्या प्रतिमा त्याच आठवड्यात, त्याच आवारात भिंतीवर शेजारी शेजारी लावणे ही समीक्षेची कृती होती. प्रशासनाने तिला कुलूप घातले, म्हणजे तिचा अर्थ त्याला तरी कळला होता.

आकृतीच्या स्वायत्ततेचा तिसरा आधार इथे फार काळ टिकत नाही. ‘काही कविता’वर खटला सोसणाऱ्या मर्ढेकरांची लयमीमांसा संवेदनांच्या परस्परसंबंधांविषयी बोलते, देवतेच्या प्रतिमेचे अमुक एक रूप पाहणाऱ्याला काय सांगते, याविषयी तिच्याकडे शब्द नाहीत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावादी व अलौकिकतावादी हे दोन ध्रुव दाखविले; संकटकाळी एकाच ध्रुवावर जाऊन बसण्याची सवय मात्र मोडलेली नाही.

मे २०२२मध्ये त्याच विद्याशाखेत बलात्काराच्या बातम्यांची कात्रणे वापरून घडवलेल्या देवताप्रतिमांवरून पुन्हा वादळ उठले आणि विद्यापीठाने विद्यार्थ्याची हकालपट्टी केली. या वेळी खजुराहो मदतीला येऊ शकत नव्हते. वर्तमानपत्राच्या कागदाला शृंगाराची परंपरा नसते. देवीची पूजा आणि स्त्रीवरची हिंसा एकाच समाजात कशी नांदते, हा प्रश्न त्या कात्रणांतून उघडपणे विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या कलमात किंवा पुराणात शोधण्यासारखे नव्हते. ती कलाकृती कदाचित सामान्य असेल. कात्रण आणि आकृती यांचा सांधा ढोबळ, घोषणेसारखा असेल. तसे असेल तर तेही शिकवणाऱ्यांनी सकारण, लेखी, नावानिशी, त्याच दालनाच्या भिंतीवर मांडायला हवे होते.