मणका सांधला, पुढें काय?

घरांतील वडील माणसाच्या पाठीचा मणका मोडला म्हणजे सर्व कुटुंबाचें चित्त एकाच प्रश्नाकडे लागतें, तो हा कीं दुखणें केव्हां थांबेल? औषधें होतात, पट्टा बांधला जातो, सहा ते बारा आठवड्यांत वेदना बहुधा ओसरते, आणि आप्तेष्ट म्हणूं लागतात, "सुटलों एकदांचे!" आमच्या मतें खऱ्या काळजीचा काळ येथूनच सुरू होतो.

उतारवयांतील मणका मोडावयास मोठा अपघात लागत नाहीं. पाण्याची बादली उचलतांना, गादी ओढतांना, कधीं तर जोराच्या खोकल्यानेंही तो दबतो. तेव्हां दोष बादलीचा नसून हाडांचा असतो. हाडें आंतून विरळ व ठिसूळ होत गेलेलीं असतात. यासच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक, तरी पुरुषही त्यांतून सुटत नाहींत. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनीं तर विशेष सावध असावें. 2001 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, ज्या स्त्रियांचा मणका नुकताच मोडला होता, त्यांपैकीं सुमारें पांचांत एकीचा आणखी एक मणका वर्षाच्या आंत मोडला. पहिला मणका ही नोटीस आहे, असेंच समजावें.

मणक्यांत सिमेंट भरण्याचा उपचार फ्रान्समधील आमियां येथें 1984 सालीं प्रथम झाला, आणि आतां तो आपल्याकडेही होतो. 2009 सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन चांचण्यांत त्याचा वेदनेवरील गुण लटक्या उपचाराहून अधिक आढळला नाहीं. म्हणून तो कोणास करावा हें डॉक्टरांनींच ठरवावें. परंतु तो केलेला असो वा नसो, सिमेंटानें भक्कम होतो तो तेवढाच मणका. वरचे व खालचे होते तसेच राहतात. यास्तव "आतां भीति नाहीं" या समजुतीनें हाडांचें औषध मात्र टाळूं नये.

डेक्सा नांवाच्या तपासणीनें हाडांची घनता कळते. उणे 2.5 अथवा त्याहून कमी आंकडा आल्यास ऑस्टिओपोरोसिस समजावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 1994 सालीं ठरविलें. तथापि किरकोळ कारणानें मणका मोडला असेल, तर आंकडा बरा दिसला म्हणून निर्धास्त राहूं नये. आठवड्यास एकदां घ्यावयाची गोळी, वर्षास एकदां शिरेंतून द्यावयाचें औषध, सहा महिन्यांनीं टोंचावयाचें इंजेक्शन, असे अनेक मार्ग आज आहेत. गोळी दिली असेल तर ती सकाळीं उपाशीं पोटीं पेलाभर साध्या पाण्यानें घ्यावी व निदान अर्धा तास आडवें होऊं नये. दूध वा चहा नंतर. आमच्या घरांतून चहावांचून दिवस उजाडत नाहीं, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. सहामाही इंजेक्शन तर आपल्या मनानें कदापि बंद करूं नये, कारण तसें केल्यास एकदम अनेक मणके मोडण्याचा धोका असतो.

येथें एकत्र कुटुंबाचें प्रेमच कधीं कधीं आड येतें. "आई, तुम्ही नुसत्या पडून राहा, आम्ही आहोंत ना!" असें सुना मनापासून म्हणतात. पहिले कांहीं दिवस विश्रांति हवीच. पण ती लांबली कीं स्नायु क्षीण होतात, तोल जातो, आणि ज्या हाडांवर भार पडत नाहीं तीं आणखी विरळ होतात. दुसरें टोकही तितकेंच वाईट. ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील मंडळी सकाळची लोकल गांठावयास बाहेर पडली कीं वृद्ध माणूस दिवसभर एकटें उरतें, आणि मग नको तें ओझें उचलतें. तेव्हां कामें काढून न घेतां तीं बदलावीं. ओट्यापाशीं उभें राहून पोळ्या लाटणें, खुर्चींत बसून भाजी निवडणें चालेल. वाकून केर काढणें, भरली बादली उचलणें सोडावें. नातवास जमिनीवरून उचलूं नये. आजी खुर्चींत बसली म्हणजे त्यानेंच तिच्या मांडीवर चढावें. ज्या घरांत आपला उपयोग उरला नाहीं असें वडिलांस वाटतें, तेथें तीं अंथरूण सोडीत नाहींत.

व्यायामाविषयीं एक सूचना. जन्मभर सूर्यनमस्कार घातलेल्यांस वाईट वाटेल, पण पुढें वाकण्याचीं व पाठ पिळण्याचीं आसनें आतां वर्ज्य समजावीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या 1984 सालच्या पाहणींत, पुढें वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत नवे मणके दबण्याचें प्रमाण, पाठ मागें ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षां पुष्कळच अधिक आढळलें. पाठीच्या स्नायूंचे व्यायाम जाणत्याकडून शिकून घ्यावे आणि रोज चालावें. ठाण्यांत तलावपाळीसारखी जागा त्यास उत्तम. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं निदान घराच्या गॅलरींत फेऱ्या घालाव्या.

पाळी गेलेल्या स्त्रीस रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवें, असें 2020 सालचें भारतीय प्रमाण आहे. पेलाभर दुधांत सुमारें 240 मिलिग्रॅम व 100 ग्रॅम नाचणींत सुमारें 350 मिलिग्रॅम मिळतें. दहीं, ताक व तीळ यांची जोड द्यावी. डाळी-उसळींतील प्रथिनेंही हवींत. ड जीवनसत्त्वासाठीं कोवळें ऊन पुरतें ही समजूत मात्र बरोबर नाहीं. तें मुख्यत्वें अकरा ते दोनच्या उन्हांत तयार होतें. पावसाळ्याचे महिने व जाळीबंद गॅलऱ्या ध्यानांत घेतां, रक्ततपासणी करून डॉक्टर देतील तेवढीच मात्रा घ्यावी. अति मात्रा अपायकारक असते.

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे न पडणें. न्हाणीघरांत भिंतीस धरावयाची दांडी बसवावी, रात्रीं लहान दिवा ठेवावा, सैल पायपुसणीं उचलावीं, पावसाळ्यांत दारापुढील शेवाळ खरवडावें, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकूं नये, आणि झोंपेच्या गोळ्या चालूं असतील तर डॉक्टरांस त्याविषयीं पुन्हां विचारावें. पायांतील शक्ति जाणें, जांघेंत बधिरता येणें, मलमूत्रावरील ताबा सुटणें, किंवा ताप येऊन पाठ दुखणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

पाठदुखी वयाचीच म्हणून सोडून दिल्यामुळें पुष्कळ मोडलेले मणके कळतही नाहींत. मुलांची उंची आपण भिंतीवर पेन्सिलीनें दरसाल मांडतों. या महिन्यांत साठीपुढील सर्वांची उंची तशीच मोजून तारखेसह लिहून ठेवावी. तारुण्यांतल्यापेक्षां ती चार सेंटिमीटरांनीं घटली असेल, तर पाठ दुखत नसली तरी वडिलांस डॉक्टरांकडे न्यावें.